कायच्यावरून बाई

आमच्या गावात माणसाला नाव पडायला फार दिवस लागत नाहीत. दीपा पाईकरावला दोन दिवस लागले.

फुलसावंगीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. मागच्या वर्षी जानेवारीत ती पुसदहून स्कूटीवर आली आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर लोकांना घेऊन बसली. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत ती किडनीवर काम करत होती. आपल्याकडे किडनीचे रोगी का वाढले ते शोधायचं आहे, म्हणाली. शोधायचं काय त्यात, असं लोकांना वाटलं, कारण उत्तर सगळ्यांना पाठ होतं. सरपंच म्हणाले, बोरचं पाणी. ती म्हणाली, "कायच्यावरून?" शेजारी बसलेले नानाजी म्हणाले, फवारणीचं औषध. "कायच्यावरून?" मागून कोणीतरी रेशनच्या तांदळाचं नाव घेतलं, त्यालाही तोच प्रश्न. आमच्याच गावातलं आम्हालाच विचारते आणि वर पुरावा मागते, हे कोणालाच रुचलं नाही. तिसऱ्या दिवशी तिची स्कूटी पांदणीच्या वाटेवर दिसली की पोट्टे सांगत सुटायचे, कायच्यावरून बाई आली.

मी विठ्ठलराव. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केली आणि तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. गावात मला अजून 'रक्तवाले साहेब' म्हणतात. स्वभाव मुळातच संशयी. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त आणि लघवी तपासून माणूस दुसरं काय होणार? भरतीच्या वैद्यकीय तपासणीला पोरं खिशात भावाची लघवी घेऊन यायची. मी बाटली हातात घेतली की सांगायचो. स्वतःची असेल तर कोमट लागते, उसनी आणलेली थंड असते. असे किती पकडले त्याचा हिशोब नाही, आणि प्रत्येकाला चारचौघांत पाणउतारा करून परत पाठवलं. तेव्हा फार अभिमान वाटायचा मला त्याचा.

दीपाला इथला माहीतगार माणूस हवा होता. मी रिकामाच होतो. पुसदला तिनं एक खोली भाड्याने घेतली होती, त्यात एक डीप फ्रीझर, इन्व्हर्टर, एक टेबल आणि कॅनची रास. माझं काम सोपं. गावातून आलेला कॅन मोजायचा, किती मिली भरला ते लिहायचं, त्यातलं थोडं लहान नळ्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचं. पुढची तपासणी नागपूरला.

एखाद्या माणसाची चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये हवी, असा तिचा नियम होता. गावात हा नियम ऐकून आधी हसू उसळलं आणि मग संशय. तांड्यावरच्या हिरासिंगनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "साहेब, फुकटात कोणी लघवी नेते का? कंपनी औषध काढत असन त्याचं. माल आमचा, तं भाव कोण ठरवते?" सह्यांच्या कागदाची चार पानं पाहून काहींना सातबाराच जाणार असं वाटलं. आणि सगळ्यांत मोठा संशय पाण्यावरून. दीपा गावात कोणाच्याच घरी पाणी पीत नसे, चहाही नाही. स्वतःची बाटली घेऊन यायची.

हे लोकांना फार झोंबलं, आणि का झोंबलं तेही सांगायला हवं. ती पलीकडच्या गावच्या बौद्धवाड्यातली. तिचा आजा आमच्याकडे कामाला यायचा तेव्हा त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. ओतणारा माझा बाप होता. आता त्याची नात गावात कोणाच्याच घरचा तांब्या हातात घेईना, तेव्हा लोक म्हणाले, पोट्टी सूड उगवते. मीही मनात तेच म्हणालो. महिन्याभरानं मी तिला विचारलंच. ती म्हणाली, दर सोमवारी माझाही कॅन असतो काकाजी, तपासणीत मीही आहे. रोजचं खाणंपिणं सारखं ठेवलं तरच माझ्या आकड्यावरून मशीन बिघडलं की नाही ते कळतं. एवढं साधं कारण होतं. गावाला सांगितलं का नाहीस, म्हटलं, तर म्हणाली कोणी विचारलंच नाही.

माझ्यावरही तिचा विश्वास नव्हता. एकदा एकच लघवी दोन कॅनमध्ये सारखी वाटून, दोन वेगवेगळ्या नंबरांनी माझ्याकडे आली. मी दोनदा मोजली, दोन्ही आकडे जुळले, आणि मग मला उमगलं की ही माझी परीक्षा होती. माझा संताप झाला. एकतीस वर्षांच्या माणसाला तपासते? ती शांतपणे म्हणाली, "तुमाले एकट्याले नाही काकाजी. नागपूरवाल्याले पण पाठवते, स्वतःलेही पाठवते." दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिला त्याचा पत्ताही लागला नसावा.

तिचं काम काय ते मला कळायला वेळ लागला, पण एकदा कळलं तेव्हा मी चाट पडलो. किडनीत बारीक नळ्या असतात. रक्तातून गाळलेलं पाणी त्या नळ्यांतून वाहतं आणि वाटेत शरीराला हवे ते क्षार नळीच्या भिंतीतल्या दारांतून परत आत घेतले जातात. नको असेल ते लघवीत जातं. सोडियमचं दार वेगळं, पोटॅशियमचं वेगळं, मॅग्नेशियमचं वेगळं. दीपाची पीएचडी या मॅग्नेशियमच्या दारावर. सहा वर्षं तिनं काचेच्या बशीत किडनीच्या पेशी वाढवून ते दार कधी उघडतं, कधी बंद होतं ते पाहिलं. मग ते सोडून गावागावात कॅन गोळा करायला आली. कशाला, तर म्हणे बशीतल्या पेशीला गावचं पाणी लागत नाही आणि गावचं औषधही लागत नाही.

तिनं मला एक गणित शिकवलं, ते इथे सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माणसाच्या रक्तात मॅग्नेशियम कमी झालं की पायात गोळे येतात, हात थरथरतो, फार कमी झालं तर झटके येतात, हृदय अडखळतं. मग लघवी पाहायची. रक्तात कमी आणि लघवीत भरपूर जात असेल, तर दार गळकं, दोष किडनीत. रक्तातही कमी आणि लघवीतही कमी, तर किडनी बिचारी कणकण धरून ठेवते आहे, दोष दुसरीकडे. म्हणून कॅन पूर्ण हवा आणि ज्याचा त्याचाच हवा.

तिचा बाप उकंडा पाईकराव किडनीनंच गेला. दोन वर्षं यवतमाळला डायलिसिसच्या वाऱ्या केल्या आणि मग संपला. पाण्यानं गेला, असं सगळं गाव म्हणालं. ती तेव्हा कॉलेजात होती. बाप गेल्यावर ती वावरात गेली, तर भाजीच्या वाफ्यावर पाखरं हाकलायला त्यानं चमकत्या पाकिटांची लांबच लांब माळ बांधलेली होती. गोळ्यांची रिकामी पाकिटं. पाठदुखीची गोळी आणि गॅसची गोळी, दोनच. तिनं बसून सगळी मोजली. दवाखान्यात डॉक्टर दर खेपेला विचारायचे, कोणती गोळी चालू आहे का, आणि बाप दर खेपेला नाही म्हणायचा. मी तिला म्हटलं, मग त्या गोळ्यांनीच गेला म्हण ना. त्यावरही तिनं मान हलवली. "कायच्यावरून काकाजी? मले माहीत नाही. मले फक्त एवढं माहीत हाय की तो नाही म्हणे आन् माळ चार हात लांब होती."

अशी ही बाई. आता माझ्या घराकडे येतो.

गावात सगळ्यात जास्त कटकट अर्ध्या कॅनची होती. बायका वावरात जाताना कॅन न्यायला लाजायच्या. गावातले कॅन गोळा करून पुसदला पोचवणारी आमची आशा सेविका पुष्पा हुशार. तिनं आपल्या आईचं जुनं काळं लुगडं फाडून कॅन मावेल अशा पिशव्या शिवल्या. पिशवीत काय आहे ते दिसायचं नाही, डब्याची पिशवी वाटायची. तरी काही कॅन अर्धेच यायचे. दीपाचं म्हणणं, अर्धा राहिला तर अर्धा सांगा, चुकला म्हणून रागवायचं नाही, दुसऱ्या दिवशी नवा कॅन देऊ. मी मात्र रागवायचो. नळावर उभा राहून बायकांना सुनवायचो की एवढं साधं काम होत नाही तुमच्यानं, माझ्या घरचा कॅन आला की पाहा म्हणावं कसा असतो.

तपासणीची घरं दीपा चिठ्ठ्या टाकून निवडायची, त्या सोडतीत माझ्या घराचा नंबर लागला. माझी मंडळी, इंदू, वय अठ्ठावन्न, वजन सेहेचाळीस किलो. तिला वर्षभरापासून पायात गोळे यायचे. भाकर थापताना हात थरथरायचा. मी म्हणायचो, वय झालं. तिच्या माहितीचा फॉर्म मी स्वतः भरला. चालू औषधं या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. रक्त नेल्यावर दहा दिवसांनी दीपानं सांगितलं, काकूंच्या रक्तात मॅग्नेशियम एक पूर्णांक एक. एक पूर्णांक सातच्या खाली जायला नको. कॅन लगेच हवा.

कॅन लावला तो रविवार. नेमकं त्या दिवशी गावाच्या त्या टोकाला बारसं होतं. इंदू सकाळी अकराला गेली ती दिवेलागणीला आली आणि पिशवी खुंटीवरच होती. साहेबाची बायको बारशात ती पिशवी घेऊन कशी बसणार? सोमवारी सकाळी ती पाणी तापवत होती आणि पुष्पा आठ वाजता कॅन न्यायला येणार होती. मी कॅन उचलून पाहिला. सहाशे मिली असेल नसेल.

मी काय केलं ते सरळ सांगतो. सारं गाव ज्याच्यावरून मी हाणलं, तेच माझ्या घरी निघालं होतं. नळावरच्या बायकांची तोंडं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी कॅन न्हाणीत नेला आणि उरलेलं दोन खेपांत स्वतः भरलं. चौदाशेपर्यंत. पाणी तर घातलं नाही ना, अशी मनाची समजूत घातली. एकतीस वर्षं ज्या लबाडीसाठी पोरांना हाकललं ती मी बासष्टाव्या वर्षी स्वतःच्या बायकोच्या कॅनमध्ये केली. पुष्पा आली, कॅन घेऊन गेली, जाताना म्हणाली, काकाजी, तुमचा कॅन पाह्यला की मन भरते.

बारा दिवसांनी दीपानं मला टेबलाशी बसवलं. समोर कागद होता. लघवीतलं मॅग्नेशियम भरपूर, दिवसाला बासष्ट मिलिग्रॅम. म्हणजे त्या गणितानं काकूंची किडनी गळत होती. या वयात अचानक गळायला लागली म्हणजे मागे काही मोठं दुखणं असू शकतं. नागपूरला किडनीच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, कदाचित सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल. पुढच्या मंगळवारची वेळ तिनं घेऊनही ठेवली होती. तो आकडा खोटा होता आणि तो खोटा आहे हे जगात मला एकट्याला माहीत होतं.

मग ती म्हणाली, "पण मले हा कॅनच पटून नाही राह्यला."

शरीर रोज मांसाच्या मानानं क्रिएटिनिन नावाचा पदार्थ लघवीत टाकतं. धट्ट्याकट्ट्या माणसाचं जास्त, किरकोळ बाईचं कमी. सेहेचाळीस किलोच्या बाईच्या कॅनमध्ये जेवढं असायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट यात होतं. ती प्रत्येक कॅनमध्ये हे पाहत होती आणि मला कधी बोलली नव्हती. कॅन कोणाकोणाच्या हातातून गेला, तिनं विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, "पुष्पा तीन-तीन कॅन एकदम आणते. अदलाबदल झाली असन."

"कायच्यावरून?"

"माणसाचं काय सांगता येते," मी म्हणालो.

मग तिनं पुष्पाला फोन करून सांगितलं की या कॅनचा उलगडा होईपर्यंत कॅन नेण्याचं काम थांबव.

पुष्पाच्या हातून काम गेलं हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कोणी म्हणालं, तिनं कॅन विकले. कोणी म्हणालं, घरी बसून नळाच्या पाण्यानं भरायची. दुसऱ्या दिवशी ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. आत आली नाही. इंदूला म्हणाली, काकू, तुमच्या कॅनचं टोपणही म्या उघडलं नाही. इंदूनं तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला, तू असं करणारच नाहीस म्हणाली. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. उठून बाहेर जायला चार पावलं लागली असती, पण मी गेलो नाही. मला स्वतःची किळस आली आणि तरी मी पान उलटलं.

शुक्रवारी इंदू अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. एकदम तिच्या हाताची बोटं आत वळली, अंगठा तळव्यात घुसला आणि सूप हातातून पडलं. बोटं उलगडेनात. ओठ बधिर झाले. फुलसावंगीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तेव्हा तासाभरानं हात सुटला. डॉक्टर म्हणाले, हे पुन्हा होईल, कारण शोधा. कारण शोधायचा कागद तर तयारच होता आणि त्यातला निम्मा भाग माझ्या शरीरातून आला होता. तो कागद घेऊन इंदू मंगळवारी नागपूरला जाणार होती. किडनीत सुई घालायची की नाही हे डॉक्टर त्याच्यावरून ठरवणार होते. मला भीती वाटत होती इंदूची, आणि खरं सांगायचं तर तितकीच स्वतःच्या नाकाचीही.

सोमवारी पुसदला गेलो तर दीपानं टेबलावर स्पिरिटचा दिवा ठेवला होता, शेजारी परीक्षानळी आणि बेनेडिक्टचं निळं द्रावण. ही साखरेची जुनी तपासणी. आता पट्ट्या निघाल्या, पण माझ्या नोकरीची पहिली पंधरा वर्षं मी हीच केली. पाच मिली निळं द्रावण, आठ थेंब लघवी, आणि ज्योतीवर तापवायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. असेल तर हिरवं, पिवळं, शेवटी विटेसारखं लाल होतं.

"काकाजी, तुमचा हात बसला हाय याच्यावर," ती म्हणाली. "एवढं करून द्या." तिनं एक लहान नळी पुढे केली. नंबर मी ओळखला. इंदूच्या कॅनचा.

मी आठ थेंब टाकले. नळी ज्योतीवर धरली. निळा रंग हिरवा झाला, पिवळा झाला आणि मग तळापासून लाल चढत गेला. इंदूला साखर नाही, कधीच नव्हती. साखर मला आहे, आणि ते दीपालाही माहीत होतं. डॉक्टरांनी दिलेली माझी गोळी ती साखर लघवीवाटेच बाहेर काढते, हे मला पाठ आहे. हजारो लोकांची लघवी या ज्योतीवर तापवली आणि कॅन भरताना स्वतःची साखर आठवली नाही. तिनं नळी माझ्या हातातून काढून घेतली आणि दिवा विझवला.

"माही हाय," मी म्हणालो. "अर्ध्याच्या वर माही हाय. पुष्पाचा काही दोष नाही."

ती रागावली नाही, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. तिनं विचारलं, किती मिली, किती वाजता, कोणी पाहिलं. मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. नमुना रद्द, कारण, असा एक रकाना असतो. ते कारण माझ्याच अक्षरात लिहायला लावलं. मी लिहिलं, तंत्रज्ञाने स्वतःची लघवी मिसळली. सही केली. तिनं वाचलं, नागपूरला फोन करून वेळ आठवड्यानं पुढे ढकलली, आणि म्हणाली, पुष्पाला मी नाही सांगणार, तुम्ही सांगा.

मी गावात उतरलो तो थेट पुष्पाच्या दारी गेलो. समोर नळावर चार बायका होत्या, त्याच ज्यांना मी सुनवायचो. मी त्यांच्यासमोरच सांगितलं. पुष्पा ओल्या हातांनी उभी होती.

"माह्या मायचं लुगडं फाडून पिशव्या शिवल्या म्या," ती म्हणाली. "आन् तुमाले माहाच संशय आला काकाजी?"

"संशय नव्हता आला," मी म्हणालो. "मले माहीत होतं."

नळावर घागर भरून वाहत होती, ती कोणी उचलेना. घरी जाताना माझ्या पाठीवर त्या सगळ्यांची नजर होती आणि ती मला पुरती मिळायला हवीच होती.

चार वाजता दीपा नवा कॅन घेऊन आमच्याकडे आली. इतक्या महिन्यांत माझ्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. बाकी घरांत ती फॉर्म स्वतः जाऊन पडताळायची, माझंच घर म्हणून तपासायची गरज तिला वाटली नव्हती, तेवढी एकच सूट तिनं कोणाला दिली होती. अंगणात खाटेवर डाळ वाळत होती. वर दोरीवर पाखरं येऊ नयेत म्हणून इंदूनं चमकती पाकिटं बांधलेली. वारा आला की ती उलटीसुलटी होऊन चकाकायची. दीपा कॅन हातात घेऊन त्या माळेखाली थांबली. मला आधी कळलं नाही. मग तिनं एक पाकीट दोन बोटांत धरून उलटं केलं आणि मागची अक्षरं वाचली.

"हे कोण घेते काकू?"

"मीच," इंदू म्हणाली. "गॅसची हाय. औषध नाही ते."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली असन. सकायी उपाशीपोटी. हेच देतात हातावर."

नऊ वर्षांपूर्वी तिला एकदा जळजळ झाली होती. मेडिकलमधून ती गोळी मी आणली, दोन आठवड्यांसाठी. बरं वाटलं म्हणून पुढे चालू ठेवली, आणि मग रोज सकाळी चहाच्या आधी मी ती तिच्या हातावर ठेवायचो. बायकोची काळजी घेतो म्हणून मला त्याचंही कौतुक होतं. फॉर्मवर 'नाही' लिहिताना ती गोळी माझ्या मनातही आली नाही. गॅसच्या गोळीला आमच्याकडे कोणी औषध म्हणत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सहा महिने आम्ही कॅनसोबत बोरच्या पाण्याचेही नमुने नेत होतो.

दीपानं मग सांगितलं की ही गोळी वर्षानुवर्षं चालली तर काही जणांच्या आतड्यातून मॅग्नेशियम आत यायचं कमी होतं. तरी आजच काही ठरवायचं नाही. आधी कॅन.

या वेळी इंदूनं कॅन पूर्ण भरला. दुपारी भजनाला गेली तेव्हा काळी पिशवी खांद्याला अडकवून गेली. कोणी विचारलं तर तिनं सरळ सांगितलं काय आहे ते. आकडा आला नऊ. रक्तात कमी, लघवीतही कमी. तिची किडनी नऊ वर्षं कणकण वेचून धरून ठेवत होती. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले, सुईची काही गरज नाही म्हणाले, गॅसची गोळी बंद करून जळजळीसाठी दुसरी दिली आणि मॅग्नेशियम सुरू केलं. दीड महिन्यानं रक्तातलं मॅग्नेशियम एक पूर्णांक आठ झालं. मी पेढे घेऊन पुसदला गेलो. दीपानं पेढा बाजूला ठेवला, कारण सोमवार होता, तिच्या कॅनचा दिवस. वाढलं ते गोळी बंद केली म्हणून की मॅग्नेशियम दिलं म्हणून, हे अजून कळलेलं नाही, म्हणाली. डॉक्टरांना विचारून काही आठवडे मॅग्नेशियम थांबवू आणि पुन्हा पाहू. थांबवलं. आकडा टिकला. तेव्हा कुठे तिनं वहीत एक ओळ लिहिली आणि त्या ओळीतही शेवटी 'बहुधा' होतं.

पुष्पाला तिनं काम परत दिलं. मलाही ठेवलं. अजून मधूनच एकच नमुना दोन नंबरांनी माझ्यापुढे येतो. आता मला राग येत नाही, उलट असा नमुना येईनासा झाला तर धास्ती वाटेल.

इंदूला मी खरं सांगितलं ते नळावर कबूल केलं त्याच सोमवारी, दीपा नवा कॅन देऊन गेल्यावर. ती ओरडेल, रडेल, असं वाटलं होतं. ती डाळ गोळा करत होती. हात न थांबवता म्हणाली, "मले दिसलं होतं तवाच. म्या अर्धा ठेवला आन् सकायी भरलेला. मले वाटलं, तुम्ही केलं म्हणजे बरोबरच असन."

एवढ्या मोठ्या गावात सगळ्यांचा सगळ्यांवर संशय होता. माझ्यावर फक्त इंदूचा नव्हता, आणि तिचाच जीव मी टांगला होता. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

परवा तिच्या पायात पुन्हा जरा गोळा आला. डॉक्टरांनी थोडे दिवस पुन्हा मॅग्नेशियम घ्यायला सांगितलं होतं. सकाळी मी सवयीनं गोळी पाकिटातून काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती तोंडात टाकली नाही. माझ्या दुसऱ्या हातातलं पाकीट मागून घेतलं, चष्मा लावला, उजेडात धरून एकेक अक्षर वाचलं.

"किती दिवस घ्याची?" तिनं विचारलं.

"पंधरा."

"कायच्यावरून?"

मी कपाटातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून दिली. तिनं ती पूर्ण वाचली, तारीख पाहिली, मग दीपाला फोन लावला. फोन चालू होता तोवर मी पाण्याचा पेला हातात धरून तिच्याजवळ उभा राहिलो.